हर्मायनीचं माहेर

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात हॅरी पॉटरची सातही पुस्तकं आहेत. पहिल्या चारांची अवस्था बघवत नाही. एकाचा पुठ्ठा निघालाय, दुसऱ्याला सेलोटेप, तिसऱ्याची मधली पानं कुणीतरी सुईदोऱ्यानं शिवलीत. सातवं मात्र बऱ्यापैकी कोरं. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्केही मोजकेच. मुलं ते वाचत नाहीत असं नाही. एकदा वाचतात आणि परत देतात. चौथा भाग तीन-तीनदा नेणारी मुलगी सातवा दुसऱ्यांदा मागायला येत नाही. का येत नसेल, यावर आज जरा लिहायचंय.

ज्यांचा या हॅरीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेनं १९९७ ते २००७ या काळात सात भागांत लिहिलेली ही गोष्ट. आईबाप गेलेला, मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात वाढलेला एक पोरका मुलगा. अकराव्या वर्षी त्याला कळतं की आपण जादूगार आहोत. मग ती हॉगवर्ट्स नावाची जादूची शाळा, रॉन आणि हर्मायनी हे जिवाभावाचे सोबती, आणि त्याच्या आईबापांना मारणारा दुष्ट वोल्डेमॉर्ट. पुस्तकं मराठीतही आली. सिनेमे तर घराघरांत पोचले.

‘डेथली हॅलोज’ हा सातवा भाग २१ जुलै २००७ ला जगभर एकाच दिवशी आला. मोठ्या शहरांत पुस्तकाच्या दुकानांसमोर सकाळीच रांगा लागल्या होत्या. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. धाकट्या नणंदेनं पुण्याहून ते जाडजूड पुस्तक आणलं आणि आम्ही दोघींनी पाळ्या लावून वाचलं. सासूबाई म्हणायच्या, ‘‘अगं, परीक्षा आहे की काय तुमची?’’ सहाशेच्या वर पानं! शेवटचं पान मिटलं तेव्हा दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पोटभर जेवल्यावर ताक मिळू नये, तसं काहीतरी झालं होतं.

मी निराश झाले ती मरणांमुळे नाही, हे आधीच सांगते. लढाई म्हटली की माणसं जाणार. डॉबी गेला तेव्हा आम्ही दोघी रडलो. हॅरी जादू न वापरता स्वतःच्या हातांनी त्याची कबर खणतो, ते प्रकरण तर मला आजही सगळ्या मालिकेत सरस वाटतं. शेवटी सगळ्यांची लग्नं लावली म्हणूनही माझा राग नाही. ‘काय बाई, शेवटी संसारालाच लावलं तिला’ म्हणून काही जणी नाक मुरडतात. संसार करणाऱ्या बाईला डोकं नसतं की काय! माझी तक्रार अशी आहे, की या लेखिकेनं आधीच्या भागांत काही प्रश्न स्वतःहून काढले, आपल्याला विचार करायला लावलं, आणि सातव्यात ते तसेच ठेवून दिवा मालवला.

किरकोळ तक्रारी भरभर सांगून टाकते. मधली कितीतरी पानं तिघं तंबू घेऊन रानोमाळ हिंडतात. थंडी, उपास, भांडणं. शाळाच नाही! ज्या हॉगवर्ट्ससाठी मुलं ही पुस्तकं उघडतात ते शेवट जवळ येईपर्यंत नीट दिसत नाही. आणि वोल्डेमॉर्टचा अंत होतो तो कशानं? तर ती सर्वशक्तिमान कांडी नेमकी कुणाच्या मालकीची, यावरून. ड्रॅकोनं डम्बलडोरच्या हातून ती उडवली म्हणून नकळत त्याची झाली. पुढे हॅरीनं ड्रॅकोच्या हातातली दुसरीच एक कांडी हिसकावली म्हणून हिची मालकी हॅरीकडे आली. दहा वर्षं गोष्ट ऐकून शेवटी सातबाऱ्यावरच्या फेरफाराची नोंद वाचल्यासारखं वाटलं.

असो. आता मुद्द्याचं.

तंबूतल्या त्या दिवसांत एक प्रसंग आहे. जादूच्या जगातही एक नियम आहे बरं का. शून्यातून अन्न तयार करता येत नाही. असलेलं वाढवता येतं, कुठं आहे ते ठाऊक असेल तर बोलावून घेता येतं, पण काहीच नसताना नाही. कांडी फिरवली की भांडी आपोआप घासून निघतात, पण रिकाम्या डब्यातून पोळी निघत नाही! हे वाचून मला रोलिंगबाईंचं फार कौतुक वाटलं होतं. रोज चूल पेटवणाऱ्या बाईलाच हे सुचणार. तर रानात हॅरीनं पकडलेला मासा हर्मायनी जमेल तसा शिजवते. रॉन तोंड वाकडं करतो. आणि ती फाडकन विचारते, की खाण्याचं बघणं दर वेळी माझ्याच वाट्याला का येतं, मी मुलगी म्हणून? रॉन म्हणतो, नाही, तुझी जादू सगळ्यांत चांगली आहे म्हणून. झालं! ‘तुझ्या हाताला चवच वेगळी’ हे ऐकत ज्यांनी वीस-वीस वर्षं ओटा सांभाळलाय, त्यांना या उत्तराचा अर्थ मी कशाला सांगू? तेवढ्यात तंबूबाहेर कुणाची तरी चाहूल लागते आणि तो विषय जो थांबतो तो थांबतोच.

पण माझ्या मनाला खरं लागलं ते हर्मायनीचं माहेर.

ही मुलगी जादूगारांच्या घराण्यातली नाही. तिचे आईवडील साधे दातांचे डॉक्टर. वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारी, अभ्यासात पहिली, आणि तरी जन्मावरून ‘तुझं रक्त हलकं’ म्हणून हिणवली जाणारी. आपल्याकडच्या किती मुलींना ती आपलीच वाटली असेल, ते त्यामुळेच. सातव्या भागाच्या सुरुवातीला ती सांगते, की शत्रू आईबाबांपर्यंत पोचू नये म्हणून तिनं जादूनं त्यांच्या आठवणी बदलल्या. त्यांना दुसरी नावं दिली, ऑस्ट्रेलियात जाऊन राहायचं त्यांच्या मनात भरवलं. आपल्याला एक मुलगी आहे हेच आता त्यांना माहीत नाही. २०१० साली आलेल्या सिनेमात हे दाखवलंय. ती मागं उभी राहून कांडी रोखते आणि घरातल्या फोटोंमधून तिचं रूप एकेक करून पुसलं जातं.

जेमतेम अठराची मुलगी! आपल्याकडे लेक सासरी निघाली की आई उंबऱ्यात रडते. इथे आईला रडायला लेक आठवणीतच उरलेली नाही. हॅरीनं जीव पणाला लावला, कबूल. पण ही मुलगी घराबाहेर पडली ती मागचा उंबराच पुसून. मी जिवंत राहिले तर त्यांना शोधीन आणि सगळं पूर्ववत करीन, असं ती म्हणते. आणि मग? मग काही नाही. लढाई संपते, वोल्डेमॉर्ट मरतो, एकोणीस वर्षं उलटतात, पण तिच्या आईबाबांना लेक आठवली की नाही यावर पुस्तकात एक ओळ नाही.

माझी लेक आता नववीत आहे. या वर्षी तिनं सातवा भाग संपवला आणि स्वयंपाकघरात येऊन पहिलं हेच विचारलं, ‘‘आई, हर्मायनीच्या आईबाबांचं पुढं काय झालं गं?’’ मी सांगितलं, की पुस्तक आल्यावर वाचकांनी लेखिकेला हेच विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती की हर्मायनीनं त्यांना लगेच घरी आणलं. लेक म्हणाली, ‘‘मग ते लिहायला काय झालं होतं?’’

खरंच, काय झालं होतं? जागा नव्हती म्हणावं, तर कांड्यांच्या मालकीवर पानंच्या पानं आहेत.

शेवटचं प्रकरण आहे एकोणीस वर्षांनंतरचं. लंडनचं किंग्ज क्रॉस स्टेशन, प्लॅटफॉर्म नंबर पावणेदहा. हॅरीचं लग्न रॉनच्या बहिणीशी, जिनीशी झालंय. रॉनचं हर्मायनीशी. दोन्ही जोडपी मुलांना शाळेच्या गाडीत बसवायला आलीत. रॉन लेकीला थट्टेनं सांगतो, की अमक्याशी फार मैत्री करू नकोस, विझ्ली आजोबांना चालणार नाही. म्हणजे बाबांच्या बाबांची आठवण निघाली. दातांचे डॉक्टर असलेले आजी-आजोबा? त्यांचं नावही नाही.

आता हॅरीच्या मुलांची नावं बघा. थोरला जेम्स सिरियस, म्हणजे हॅरीचे वडील आणि हॅरीचा मानलेला पालक. मधला अल्बस सेव्हेरस, हॅरीचे दोन गुरुजी. धाकटी लिली लुना, हॅरीची आई आणि त्यांची मैत्रीण. तीन मुलं, सहा नावं! त्यांत जिनीच्या माहेरचं एकही नाही. तिचा सख्खा भाऊ फ्रेड त्याच लढाईत गेला, आणि ज्या स्नेपनं शाळेत हॅरीचा पदोपदी पाणउतारा केला त्याचं नाव मुलाला मिळालं. स्नेपचं प्रेम, त्याचा त्याग सगळं मान्य. पण बारशाच्या दिवशी जिनीला कुणी विचारलं होतं का, असं माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे आत्याबाई कानात कुर्र करून नाव सांगतात. तिथे कुणी सांगितलं देव जाणे!

याच्याही पेक्षा मोठी गोष्ट आहे ती एल्फांची. नुसते सिनेमे पाहिलेत त्यांना हा सगळा भाग ठाऊकच नसेल, कारण सिनेमावाल्यांनी तो गाळून टाकला.

जादूगारांच्या मोठ्या घरांत, वाड्यांत ‘हाउस-एल्फ’ नावाचे ठेंगणे जीव राबतात. स्वयंपाक, झाडलोट, भांडी सगळं तेच करतात. पगार नाही, सुट्टी नाही, अंगावर उशीचा अभ्रा किंवा फडकं. मालकानं कपडा दिला तरच सुटका. चौथ्या भागात, म्हणजे २००० साली आलेल्या पुस्तकात, हर्मायनीला कळतं की हॉगवर्ट्समध्ये जे चमचमीत ताट समोर येतं तेही तळघरातले शंभरावर एल्फ रांधतात. ती ताट बाजूला सारते. मग एल्फांच्या हक्कांसाठी संस्था काढते, बिल्ले करते, वर्गणी मागते. सगळे हसतात. रॉन तर जास्तच. त्या संस्थेच्या आद्याक्षरांचा इंग्रजीत अर्थ होतो ओकारी, तेही थट्टेनंच. आणि सगळ्यांचं एकच पालुपद, ‘त्यांना आवडतं तसं राहायला. ते खूश आहेत.’

मैत्रिणींनो, हे वाक्य मी किती उंबऱ्यांवर ऐकलंय! महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. धुणीभांडी करणाऱ्या बायकांची नोंदणी करून द्यायचं काम आमचा गट करतो. दाखल्यावर सही मागायला मालकिणीकडे गेलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘‘अहो, आमच्या बाई अगदी घरच्यासारख्या आहेत. त्यांना कशाला हवंय हे सगळं?’’ घरच्यासारख्या, पण चहाचा कप वेगळा. दिवाळीला जुनी साडी, पण महिन्यातून चार रजा मागितल्या की ‘हल्ली यांचं फार वाढलंय’. रोलिंगनं हे सगळं पोरासोरांच्या पुस्तकात किती नेमकं लिहिलं होतं! ती तरुणपणी लंडनला अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांच्या संस्थेत नोकरीला होती, हे मी नंतर वाचलं तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. हर्मायनीचं कुठं चुकतं तेही तिनं दाखवलंय. पाचव्या भागात ती टोप्या विणून एल्फांच्या नकळत ठेवते, त्यांना विचारत नाही, आणि ते रागावतात. समाजकार्य करणाऱ्या प्रत्येकीनं वाचावा असा धडा आहे तो.

म्हणूनच सातव्याकडून माझ्या अपेक्षा होत्या. सुरुवात छानही होते. क्रीचर नावाचा म्हातारा, कुजकट, सतत पुटपुटणारा एल्फ हॅरीला वारशात मिळालेला आहे. कधी नव्हे ते त्याला कुणीतरी नीट विचारतं, त्याचं दुःख ऐकून घेतं, त्याच्या आवडत्या मालकाची आठवण म्हणून एक लॉकेट देतं. क्रीचर पार बदलतो. घर लख्ख होतं, स्वयंपाकाचा घमघमाट सुटतो. शेवटच्या लढाईत तर तोच हॉगवर्ट्सच्या एल्फांना घेऊन सुऱ्या नाचवत उतरतो. ऐन धुमश्चक्रीत रॉनला आठवतं, की तळघरातल्या एल्फांना बाहेर काढायला हवं, त्यांना आपल्यासाठी मरायला लावायचं नाही. हे ऐकून हर्मायनी त्याला मिठी मारते. मला वाटलं, आलं आता, जमलं!

आणि लढाई संपल्यावर, अगदी शेवटाला, दमलाभागलेला हॅरी काय विचार करतो? शाळेतल्या आपल्या पलंगावर जाऊन पडावं, आणि क्रीचर तिथं एखादं सँडविच आणून देईल का!

रात्रभर लढलेल्या त्या म्हाताऱ्याला कुणी पाणी विचारलं का? तो सुटला का? त्याला कपडे मिळाले का? बाकीच्या शंभरांचं काय? काही नाही. एकोणीस वर्षांनंतरच्या प्रकरणात एल्फ हा शब्दसुद्धा नाही. डॉबीच्या कबरीवर तो स्वतंत्र होता असं कोरून ठेवलंय. मेलेल्याला स्वातंत्र्य, जिवंत असलेल्याला सँडविचची ऑर्डर. ते वाचताना माझ्या घशात घास अडकला.

माझी लेक हर्मायनीची बाजू हिरिरीनं मांडते. ‘‘अगं आई, ती पुढे जादूच्या सरकारात जाते, एल्फांसाठी काम करते, नंतर तर मंत्रीच होते!’’ खरं आहे. तिच्या नोकरीबद्दल लेखिकेनं मुलाखतींत सांगितलं, आणि २०१६ साली लंडनला रंगमंचावर आलेल्या नाटकात हर्मायनी जादूमंत्री आहे. पण मी म्हणते, पुस्तक वाचणाऱ्या बारा वर्षांच्या पोरीनं मुलाखती शोधत बसायचं का? शेवटच्या प्रकरणात नेव्हिल प्राध्यापक झाला हे आवर्जून कळतं. रॉननं गाडीचं लायसन्स कसं काढलं तेही कळतं! हर्मायनी काय करते ते मात्र नाही. हॅरीच्या डोळ्यांनी गोष्ट सांगितली आहे, म्हणून हॅरीचंच जास्त, असं कुणी म्हणेल. मग हॅरीच्या तोंडी एवढं घालायचं, ‘काय गं, त्या एल्फांच्या कायद्याचं कुठपर्यंत आलं?’ आगगाडी सुटायला वेळ होता की!

मला वाटतं घोळ वेगळाच आहे. रोलिंगनं शेवटच्या प्रकरणाचा मजकूर फार आधी लिहून ठेवला होता. २००१ च्या सुमारास बीबीसीच्या एका माहितीपटात तिनं त्याची फाईलही दाखवली होती. म्हणजे मधले भाग लिहून व्हायच्या आतच शेवट ठरलेला. गोष्ट मात्र वाढत गेली. एल्फ आले, हर्मायनीचा लढा आला, मुलं मोठी झाली, जग काळवंडलं. आणि पाचवीतल्या मुलीच्या मापानं शिवलेला फ्रॉक दहावीतल्या मुलीला घालायला काढला. तो अंगात शिरेल कसा? थोडी शिलाई उसवायला हवी होती, इतकंच.

या पुस्तकानं आम्हा घरी बसणाऱ्यांना एक मोठा आनंदही दिला, तो सांगितला नाही तर अन्याय होईल. रॉनची आई, मॉली विझ्ली. सात पोरांची आई, दर नाताळला स्वेटर विणणारी, सतत कुणाला तरी ‘आणखी घे’ म्हणणारी. लढाईत बेलाट्रिक्स तिच्या लेकीवर उलटते तेव्हा ही बाई पुढं होते आणि त्या सगळ्यांत क्रूर जादूगारणीला एकटी लोळवते! ते पान नणंदेनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. ज्या लेखिकेला हे सुचतं तिला बाकीचं दिसलं नसेल, हे मला पटत नाही. म्हणून तर जास्त लागतं.

आणि दुसरी एक आई. अँड्रोमेडा टॉन्क्स. या एकाच पुस्तकात तिचा नवरा मारला गेला. मग तिची मुलगी टॉन्क्स तान्ह्या टेडीला आजीकडे ठेवून लढाईला आली, आणि मुलगी-जावई दोघंही गेले. ते कसे गेले तेही आपल्याला दिसत नाही, नुसती शेजारी शेजारी ठेवलेली प्रेतं दिसतात. एका वर्षात नवरा, लेक, जावई. उरली ती आजी आणि मांडीवरचं पोर. पुढे प्लॅटफॉर्मवर टेडीचं नाव निघतं. तो मोठा झालाय, एका मुलीच्या प्रेमात पडलाय. आठवड्यातून चारेक वेळा तो हॅरीकडे जेवायला येतो, हेही कळतं. उरलेल्या दिवशी तो कुणाच्या हातचं जेवतो, ते मात्र पुस्तकात नाही.